गंगव्वाचं गाठोडं

बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या उगवतीला मान्यांची पाच एकर झाडी होती. फणस, चिंच, जांभूळ, करंज आणि एका कडेला बांबूचं बेट. घरात तिला सगळे तोपू म्हणत. घरची भाषा मराठीच, पण एवढ्या पिढ्या बेंगळुरात काढल्यावर झाडीला झाडी कोण म्हणणार? मथुरा लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला सगळ्यात आधी आवडला तो तोपूच. नवरा खंडोजी मागाहून आवडला.

ती गोधड्या शिवायची. शिवाजीनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत एक गोधडी नीट पसरायलाही जागा नव्हती. पसरली की खंडोजीला उंबऱ्यावर ताट घेऊन बसावं लागे. म्हणून महिन्यातले आठ-दहा दिवस ती गाठोडी घेऊन तोपूत येई. तिथं सासरे, रघुजी, राखणीला एकटेच राहत. मोठ्या फणसाखाली चटई टाकायची, तिच्यावर अस्तर, अस्तरावर जुन्या लुगड्यांचे थर, चारी कोपऱ्यांना दगड, आणि कडेपासून धावदोरा घालत घालत मधोमध यायचं. मान अवघडली की उठून तळ्यापर्यंत जाऊन यायचं, येताना करंजाच्या शेंगा ओट्यात घालून आणायच्या. दोरा तोडायला तिला कात्री लागत नसे. दातानं तोडायची.

सन अठ्ठावन्नच्या माघात तिच्याकडे कामांची गर्दी होती. सोयराबाईंच्या घरी लग्न होतं, त्यांची मोठी गोधडी अर्धी झाली होती. शेजारच्या हवालदाराच्या घरची रोजच्या पांघरणाची एक होती. आणि लेक शालन पहिल्या बाळंतपणाला हुबळीहून आली होती, सातवा सरत आला होता, तेव्हा बाळाची दुपटीही व्हायची होती. त्यात सोमवारी गंगव्वा आली.

गंगव्वा बेळगावाकडची. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इकडे शिवाजीनगरात आली होती. तो यशवंतपूरच्या बाजारात एका अडतीवर होता. लहानपणी देवी येऊन गेल्यामुळे तिचा सगळा चेहरा वणांनी भरलेला. एरवी बोलकी बाई, पण त्या दिवशी दारातच उभी राहिली.

“अक्का, एक कौदी शिवून पायजे. शिवरात्रीच्या आत.”

“शिवरात्रीच्या आत गोधडी कशी होईल गं? हातात तीन कामं आहेत.”

“कर काहीतरी. आणि ह्यातलं सगळं घाल. एक चिंधी टाकू नको.”

तिनं गाठोडं खाली ठेवलं. वरच एक मोरपंखी इरकली लुगडं होतं, फारसं नेसलेलं नव्हतं. मथुरानं पदर हातात धरून पाहिला. “अगं, हे तर अजून दहा वर्षं नेसता येईल. हे का फाडतेस?”

“घाल म्हटलं तर घाल,” गंगव्वा म्हणाली आणि चहाला न थांबता गेली.

मंगळवारी मथुरा शालनला घेऊन तोपूत आली. माघातल्या सकाळी तळ्यावरून गार वारा यायचा. शालननं गाठोड्यातलं ते इरकली लुगडं काढलं, घडी करून खांद्यावर घेतलं, आणि म्हणाली, “आई, हे फाडायचं शेवटी हं. तोवर मी पांघरते.” दुपारी ती त्याचीच उशी करून फणसाखाली झोपली. मथुरा तिच्याकडे पाहत टाके घालत राहिली. पोर अंगानं भरली होती, चेहऱ्यावर तेज आलं होतं. रघुजी नातीसाठी रोज काहीतरी शोधून आणत. कधी गाभुळलेल्या चिंचा, कधी पहिल्या मोहोराचा झुबका. दोन दिवस असे गेले.

गुरुवारी सकाळी तिनं गाठोड्यातली एक चोळी उसवायला घेतली. बाही उलटी केली तर आतून सुकलेला कडुनिंबाचा पाला पडला. कपड्यांत कसर लागू नये म्हणून लोक पाला घालतात, म्हणून तिनं झटकला. पण पाल्याबरोबर दुसरंही काही पडलं. मसुराच्या डाळीएवढ्या तपकिरी, वाळक्या खपल्या. बाहीच्या शिवणीत अजून चार-पाच अडकल्या होत्या. चोळीच्या पाठीला पिवळट डाग होते आणि कापड तिथं कडक झालं होतं.

मथुरानं चोळी अंगापासून लांब धरली.

तिनं हे लहानपणी पाहिलं होतं. तिच्या आत्याच्या अंगावरून अशाच खपल्या पडायच्या आणि आजी त्या झाडून राखेत घालायची.

तिनं मान वर केली. चार हातांवर शालन बसली होती, लुगडं खांद्यावर, सुईत दोरा ओवत. दोऱ्याचं टोक तिनं ओठांत धरलं होतं.

“शालन,” मथुरा म्हणाली. “ते लुगडं काढून ठेव.”

“का? थंडी आहे ना.”

“काढ म्हणते ना! आणि जा, विहिरीवर जा, डोक्यावरून आंघोळ कर. हे नेसलेलंही बदल.”

“काय झालं आई?”

“ढेकूण आहेत त्यात,” मथुरा म्हणाली.

शालन किंचाळत उठली आणि हसत हसत विहिरीकडे गेली. मथुरा रघुजींकडे धावली. ते बांबूच्या बेटात पडलेले बांबू ओढत होते. तिनं पदरात धरून आणलेल्या खपल्या त्यांना दाखवल्या. म्हाताऱ्यानं एकदाच पाहिलं आणि हातातला कोयता खाली ठेवला.

“कुणाचे कपडे?”

“बेळगावच्या गंगव्वाचे. मामंजी, शालनच्या...”

“माहीत आहे मला,” रघुजी म्हणाले.

ते दोघांनाच माहीत होतं. शालन पाच वर्षांची असताना गल्लीत देवी काढणारा माणूस आला होता. त्याआधी आठच दिवस पलीकडच्या घरातलं एक मूल देवी काढल्यानंतर तापानं गेलं होतं. तापाचं कारण दुसरंच काही असेल, पण मथुरानं त्या मुलाचा सुजलेला दंड पाहिला होता. तिनं शालनला सासऱ्यांबरोबर बैलगाडीत घालून तोपूत धाडून दिलं. माणूस गल्लीतून निघून गेल्यावर पोर परत आली. खंडोजीला तिनं सांगितलं, काढल्या देवी. शालनच्या दंडावर समईच्या वातीनं भाजल्याचा एक गोल डाग होता. शाळेत तोच दाखवला, लग्नाच्या वेळी सासूनं विचारलं तेव्हाही तोच. हळूहळू मथुरा स्वतःही त्या डागाकडे पाहून निर्धास्त होऊ लागली होती.

“आधी खात्री करून घे,” रघुजी म्हणाले. “उगीच पोरीला घाबरवू नको.”

तिला ते पटलं, कारण तिला तेच हवं होतं. गंगव्वानं ‘छे गं, ते खरजेचे’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ती रस्त्यापर्यंत चालत गेली, मोटारीची वाट पाहत तासभर उभी राहिली, आणि शिवाजीनगरला पोचेपर्यंत दुपार झाली.

गंगव्वा दारात तांदूळ निवडत होती. मथुराला पाहून तिचा हात सुपातच थांबला.

“तुझी अनसू कुठाय?” मथुरानं विचारलं.

अनसू म्हणजे अनुसूया, गंगव्वाची सोळा वर्षांची लेक. सूप बाजूला ठेवून गंगव्वानं मथुराला आत घेतलं आणि दार लोटलं.

“गेली,” ती म्हणाली. “अठरा दिस झाले.”

“कशानं?”

“तुला कळलंय म्हणून तर आलीस.”

“गंगव्वा, खरं सांग. देवी?”

गंगव्वानं मान हलवली. “कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर गाडीत घालून नेली असती. माझ्या मांडीवर गेली ती, रातोरात पुरली. धनी म्हणाले सगळं जाळ. अंथरूण जाळलं. पण तिचं लुगडं, तिच्या चोळ्या... अक्का, मला तिच्या कपड्यांत झोपायचं होतं. दुसरं काय मागितलं मी?”

“माझी पोर गरोदर आहे,” मथुरा ओरडली. “दोन दिवस ते लुगडं अंगावर घेऊन बसलीय ती!”

“तिला टोचलं असंल की. आजकाल सगळ्यांना टोचतात.”

मथुराला बसायला काही सापडेना म्हणून ती जमिनीवरच बसली. गंगव्वानं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं त्याला हात लावला नाही.

परतीच्या मोटारीत ती कुणाला शिवणार नाही अशी अंग चोरून उभी राहिली. आपल्या लुगड्यात, केसांत, नखांत ते भरलंय असं तिला वाटत होतं. शेजारी एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. मथुरा पुढच्याच थांब्याला उतरली आणि उरलेली वाट चालत गेली.

शुक्रवारी सकाळी रघुजींनी गाडी जुंपली. शालनला एवढंच सांगितलं होतं, की गाठोड्यातले कपडे आजाऱ्याचे होते, डॉक्टरांना दाखवून यायचं. दवाखान्यात डॉक्टर जयतीर्थ होते, पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खपल्यांचं नाव निघाल्यावर ते उठले, हात धुऊन आले आणि परत बसले.

“हिच्या देवी काढल्यात ना?”

“होय,” शालन म्हणाली आणि बाही वर सरकवून दंड दाखवला. “ही खूण.”

डॉक्टरांनी डागावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग मथुराकडे पाहिलं.

मथुरानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. डॉक्टर म्हणाले असते, ठीक आहे, जा. लेकीसमोर खोटं उघडं पडलं नसतं. सोळा वर्षं पडलं नव्हतं.

“ती खूण वातीची आहे,” ती म्हणाली. “हिच्या देवी काढल्याच नाहीत. मी लपवलं होतं हिला.”

शालन आईकडे वळली. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं बाही खाली ओढली आणि दोन्ही हात पोटावर धरले.

“कपडे हाताळून आज कितवा दिवस?”

“मंगळवारपासून. चौथा.”

“काल आली असतीस तर अधिक बरं झालं असतं.” डॉक्टर उठले. “पण अजून वेळ आहे. गरोदरपणी टोचण्यात स्वल्प धोका आहे, अम्मा, मी नाही म्हणत नाही. न टोचण्यात फार मोठा आहे. टोचू?”

हा प्रश्न त्यांनी शालनला विचारला होता. मथुरानं तोंड उघडलं तर शालन म्हणाली, “मला विचारलंय.” आणि दंड पुढं केला.

तिला टोचून झाल्यावर डॉक्टरांनी मथुराला टोचलं, रघुजींना टोचलं. मथुराला आजोळी तान्हेपणी एकदा टोचलं होतं, त्यानंतर कधीच नाही. गंगव्वाचा पत्ता त्यांनी लिहून घेतला. म्हणाले, शहरात परत जाऊ नका, झाडीतच राहा, कुणाला येऊ देऊ नका. कपडे सगळे जाळा. दहाव्या दिवसापासून ताप येतो का बघा. सोळा-सतरा दिवस निघाले तर सुटलात.

खंडोजीला निरोप दवाखान्यातूनच गेला. रघुजींनी तोपूच्या टोकाला खड्डा खणला. गाठोड्यातला कुठला कपडा कशाला लागला, हे आता कोण सांगणार? सोयराबाईंची अर्धी झालेली गोधडी, हवालदाराची, बाळाची सगळी दुपटी, चटई, सगळं त्यात गेलं. इरकली लुगडं रघुजींनी काठीनं उचलून टाकलं. मथुरा लांबून पाहत होती. सहा दुपट्यांचं तिला फार वाईट वाटलं, आणि तेवढ्यासाठी वाईट वाटतंय याची लाजही वाटली.

शालन तिच्याशी बोलत नव्हती. भांडली असती तर बरं. “आई, पाणी दे,” “आई, मीठ कमी आहे,” एवढंच.

मग दिवस मोजणं सुरू झालं. रोज उजाडताच मथुरा लेकीला तळ्याच्या काठी उजेडात उभी करून तिचं कपाळ बघे, तळहात बघे, जीभ बघे. तळ्यावर कोळी जाळी टाकत असायचे, बगळे उडायचे, आणि ती लेकीच्या मनगटावरचा डासाचा चावा बोटानं दाबून दाबून पाहायची. हातांना काम नव्हतं. इतकी वर्षं ज्या झाडीत ती मान मोकळी करायला यायची, तिथं आता एक पान पडलं तरी ती दचकायची. फणसाच्या खोडाला माघात बारीक बारीक फणस धरतात, खरबरीत, फोडांसारखे. तिनं तिकडे पाहणं सोडलं.

रविवारी गंगव्वा आली. झाडीच्या कुंपणाशी उभी राहून हाका मारत होती.

“मथुराक्का! माझी चोळी तरी ठेवलीस का गं एखादी?”

“तिथंच थांब!” मथुरा धावत गेली, दहा हातांवर उभी राहिली. “जाळलं सगळं. खड्डा बघायचाय? तिकडे आहे.”

“तू माझं नाव सांगितलंस. साहेब आले, घर धुतलं, गल्लीत कोण पाणी भरू देईना. धनी तोंड दाखवीना झालेत.”

“आणि तू मला काय सांगितलंस? घरात आग आहे म्हणून न सांगता पदरात निखारा बांधलास माझ्या!”

गंगव्वा कुंपणाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, “पोरगी बरी हाय ना तुझी?”

“जा इथून,” मथुरा म्हणाली.

आठव्या दिवशी शालनला ताप भरला. दंडावरची जागा लालबुंद होऊन फुगली. टोचलं की असं होणार, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. टोचणं लागू पडल्याचीच ती खूण. पण मथुराला ते मूल आठवलं, त्याचा दंड आठवला. दिवसभर ती लेकीच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत राहिली. संध्याकाळच्या सुमाराला शालननं एकदम तिचा हात धरला. कितीतरी दिवसांनी धरला.

“आई, सकाळपासून हललं नाही हे.”

“काय?”

“बाळ. हललं नाही.”

मथुरानं पोटावर हात ठेवला. काही नाही. कान लावला. स्वतःच्याच रक्ताची धडधड ऐकू येत होती, बाकी काही नाही. रघुजी दारात उभे होते, त्यांनी तोंड फिरवून घेतलं. मथुरानं गूळ-पाणी आणलं, लेकीला कुशीवर वळवलं, पाय चोळले. ती बोलत होती, काय बोलत होती तिला माहीत नाही. तळ्याचं, फणसाचं, बाळ आल्यावर कुठं झोळी बांधायची त्याचं. अंधारून येता येता शालननं डोळे उघडले आणि म्हणाली, “थांब.” मथुराच्या तळहाताखाली काहीतरी सरकलं, मग ठोसा बसला. दोघी रडल्या. रघुजी बैलाला वैरण घालायला गेले ते उशिरापर्यंत आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. अकरावा दिवस गेला. बारावा गेला. शालनच्या कपाळावर काही नव्हतं. मथुरा पहिल्यांदा पोटभर जेवली.

तेराव्या दिवशी सकाळी तिला उठवेना. कंबर मोडल्यासारखी झाली होती, डोकं जड. तिनं मनाशी म्हटलं, जागरणं झालीत. विहिरीवरून पाणी आणताना दोनदा घागर टेकवली. शालननं विचारलं, “आई, बरं नाही का?” “उन्हाचं आहे,” ती म्हणाली. सगळेजण शालनकडे बघत होते, ती स्वतःसुद्धा. स्वतःकडे बघायचं तिला सुचलंच नव्हतं. चोळ्या उसवल्या तिनं, दोरे दातानं तोडले तिनं, गाठोडं सोमवारी आधी उघडलं तिनं.

पंधराव्या दिवशी भाकरी थापताना तिला मनगटावर एक लाल दाणा दिसला. कोपराजवळ दुसरा. कपाळावर हात फिरवला तर बोटाला केसांच्या रेषेशी काहीतरी टोचलं, कातडीखाली बाजरीचा दाणा असावा तसं.

चूल पेटलेली होती. शालन पाठमोरी बसून वांगी चिरत होती. बाही खाली ओढली की मनगट झाकलं जात होतं. पदर पुढं घेतला की कपाळ. दोन दिवस, कदाचित तीन, कुणाला कळलं नसतं. आणि कदाचित ते काहीच नसेल, घामोळं असेल. मथुराच्या हातानं बाही खरोखरच खाली ओढली. मग तिनं ती परत वर सारली.

“शालन, मागं बघू नको,” ती म्हणाली. “ऊठ. तशीच बाहेर जा. आजोबांना म्हणावं, आईला आल्या.”

शालन उठली, पण दारात वळलीच. मथुरा भिंतीला चिकटून उभी होती, पिठाचे हात लांब धरून. “जा!” ती ओरडली.

तोपूच्या दुसऱ्या टोकाला फणसांच्या राखणीची एक झोपडी होती, चार बांबू आणि वर गवत. मथुरा आपल्या पायांनी तिथं गेली. डॉक्टर आणि आरोग्य खात्याचा माणूस आले, लांबून पाहून मग जवळ आले. टोचल्यामुळे जोर कमी असेल म्हणाले. शालनला टोचणं लागलंय, ती आता वाचली असं समजा, पण इकडे फिरकायचं नाही. बाईची शुश्रूषा करायची तर ज्याला देवी येऊन गेल्यात अशाच कुणीतरी करायची. असं कोण आहे?

रघुजींना एकच नाव ठाऊक होतं. ते गाडी जुंपून गेले, आणि मथुराला काही विचारलं नाही.

ताप चढला होता तेव्हा मथुराला कुणाचा तरी हात कपाळावर जाणवला. डोळे उघडले तर वणांनी भरलेला चेहरा. तिला वाटलं, आपलाच चेहरा कुणीतरी आरशात दाखवतंय. तिनं तोंड झाकून घेतलं.

“मी हाय, अक्का. गंगव्वा.”

“तू का आलीस?”

“मला पुन्हा व्हायचं न्हाई. म्हणून आले. घे, पेज घे.”

“नको मला.”

“नको तर नको,” गंगव्वा म्हणाली आणि वाटी हातात धरून तशीच बसून राहिली, पेज निवेपर्यंत. मग ती गरम करून आणली आणि परत बसली. तिसऱ्यांदा मथुरानं तोंड उघडलं.

नऊ दिवस ती तिथं राहिली. कडुनिंबाच्या डहाळीनं माश्या वारायची, खाजवू नये म्हणून मथुराचे हात धरून बसायची. कधी अनसूचं बोलायची. अनसूला शिवण येत नव्हतं, सुई म्हटलं की पळायची. इरकली लुगडं दिवाळीला घेतलं होतं. मथुरा ऐकायची. एकदा तिनं विचारलं, “ती शेवटी काय म्हणाली?” “पाणी,” गंगव्वा म्हणाली. एवढंच बोलणं त्यावर झालं. झालं-गेलं विसरू, असं दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही.

मथुराच्या अंगावर मोजून तेवीस फोड आले. त्यांतले दोन कपाळावर खड्डे ठेवून गेले. शेवटची खपली पडेपर्यंत तिला झोपडीतून हलू दिलं नाही. खंडोजी दर रविवारी यायचा, चिंचेपाशी उभा राहायचा. डॉक्टरांनी त्यालाही सगळं सांगितलं होतं. पहिल्या रविवारी तो एवढंच ओरडून म्हणाला, “मला सांगितलं असतंस तर मी काय मारलं असतं तुला?” खरं म्हणजे मथुराला त्याची भीती कधीच वाटली नव्हती. तिला देवी काढणाऱ्या माणसाच्या हातातल्या सुईची वाटली होती, आणि मग स्वतःच्या खोट्याची.

वैशाखात शालनला मुलगी झाली. दवाखान्यात झाली, सुखरूप. मथुरानं नातीची बोटं मोजली, पाठ पाहिली, टाळूपासून टाचेपर्यंत तिळाएवढी खूणसुद्धा नाही याची दोन-दोनदा खात्री करून घेतली. तरी पहिला महिनाभर तिनं बाळाला घेतलं ते हात खरचटेपर्यंत धुऊन, नव्या कोऱ्या धोतराच्या तुकड्यात.

तीन महिने तिनं सुई धरली नाही. सोयराबाई येऊन बोलून गेल्या, हवालदाराच्या बायकोनं बोलणं टाकलं. पुढं हळूहळू ती परत शिवायला लागली, पण आलेलं कापड आधी तोपूत नेऊन मोठ्या हंड्यात उकळायचं, चार उन्हं द्यायची, आणि ‘कुणाचे कपडे? कसे गेले?’ हे तोंडावर विचारायचं. पुष्कळ जणींना राग येई. काही दुसरीकडे गेल्या. गंगव्वाच्या नवऱ्याची त्या पावसाळ्यात दावणगेऱ्याला बदली झाली. जाताना ती येऊन गेली, या खेपेला चहा घेतला.

शालन श्रावणात सासरी निघाली. मथुरानं नातीसाठी एक छोटी गोधडी शिवली होती. खंडोजीच्या जुन्या सदऱ्यांची, घरच्याच कापडाची, तीनदा उकळलेली. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तांदळाएवढे टाके. ती घडी करून तिनं ट्रंकेवर ठेवली.

शालननं ती हातात घेतली, उलगडली, टाक्यांवरून बोट फिरवलं.

“छान झालीय,” ती म्हणाली. “पण आत्ता नको, आई. मला... आत्ता नको.”

“सरी, बरं,” मथुरा म्हणाली. “राहू दे.”

“नंतर नेईन.”

“ने. इथंच आहे ती.”

टांगा दारात आला होता. शालन वाकली, आईच्या पाया पडली, आणि उठताना कपाळावरच्या त्या दोन खड्ड्यांकडे क्षणभर पाहून तिनं आईला मिठी मारली, घट्ट, बाळ दोघींच्या मधे चेमटून रडायला लागेपर्यंत. मग खंडोजीनं ट्रंक उचलली.

टांगा वळणावरून दिसेनासा झाल्यावर मथुरा आत आली. दुसऱ्या दिवशी मोटार पकडून तोपूत जायचं होतं, कापडं उन्हात घालायची होती. तिनं डबा काढला आणि भाकऱ्यांसाठी पीठ मळायला घेतलं.